दुसरा बुधवार वाचवा

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी आपल्या जिल्हा रुग्णालयातली बालहृदय ओपीडी भरली नाही. त्याच्या आदल्या महिन्यातही भरली नव्हती. दारावर कागद चिकटवलाय : ‘तांत्रिक कारणास्तव पुढील आदेशापर्यंत बंद’. हे तांत्रिक कारण कोणतं, ते विचारायला आम्ही काही पालक गेलो तेव्हा दोन गोष्टी कळल्या. लहान मुलांच्या टूडी इकोचा प्रोब बिघडलाय आणि दुरुस्तीचा प्रस्ताव ‘वर’ गेलाय. शिवाय महिन्यातून एकदा बाहेरून येणाऱ्या बालहृदयरोगतज्ज्ञांचं मानधन आणि प्रवासखर्च ज्या शीर्षाखाली निघायचा, ते यंदा मंजूरच झालेलं नाही. डॉक्टर यायला तयार आहेत. मशीन जागेवर आहे. खोलीवर मात्र आता दुसऱ्यांचा डोळा आहे, तिथे जुनं रेकॉर्ड ठेवायचं चाललंय. एकदा का त्या खोलीत गठ्ठे शिरले की ती परत मिळणार नाही, हे सरकारी इमारतीत चार हेलपाटे घातलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

म्हणून हा खटाटोप. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, लिहिण्याचा धंदा नाही. पण आमची धाकटी जन्मतः हृदयात दोष घेऊन आली आणि त्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर आमच्या घराने बरीच वर्षं काढली. तिथे काय चालतं आणि ते बंद पडलं तर कुणाचं काय होईल, हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं फाइलवर सही करणाऱ्या साहेबांना ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना ते आपणच सांगायला हवं.

हा दुर्मीळ आजार आहे, थोड्याफार घरांचा प्रश्न आहे, असं समजू नका. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. ज्या जिल्ह्यात वर्षाला 40 हजार बाळंतपणं होतात, तिथे दरवर्षी साडेतीनशेच्या आसपास अशी मुलं जन्मतात. सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही छिद्रं आपोआप बुजतात, काहींवर नुसती नजर ठेवली तरी भागतं. पण कोणतं छिद्र बुजणारं आणि कोणतं पोराला आतून पोखरणारं, हे वरून दिसत नाही. त्यासाठी इको लागतो, आणि तो सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा पुन्हा लागतो.

आपल्याकडे लोक ‘दिलात होल आहे’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात प्रकार पुष्कळ. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं तर व्हीएसडी, वरच्या कप्प्यांमधलं असलं तर एएसडी. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसाला बगल देणारी जी नळी जन्मानंतर काही दिवसांत मिटायला हवी, ती उघडीच राहिली तर पीडीए. आमच्या पोरीला होतं ते टेट्रालॉजी ऑफ फॅलो : छिद्र आणि शिवाय फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. त्यामुळे रडली की ओठ जांभळे पडायचे. कधी कधी श्वास असा लागायचा की तिचे गुडघे छातीशी दुमडून धरायला लागत. ही युक्ती मला याच ओपीडीतल्या सिस्टरने करून दाखवली होती. त्याआधी आम्ही घाबरून तिला उभी धरून हलवायचो.

मोठं व्हीएसडी त्यामानाने फसवं. बाळ निळं पडत नाही. नुसतं दूध पिताना दमतं, दोन घोट घेतं आणि थांबतं, कपाळावर घाम फुटतो, वजन चढत नाही, वरचेवर न्यूमोनिया होतो. घरचे म्हणतात, ‘बारीकच आहे, बापावर गेलंय.’ तोवर त्या छिद्रातून जास्तीचं रक्त दाबाने फुप्फुसात जात असतं. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या हळूहळू निबर होतात आणि एका टप्प्यानंतर छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. त्या अवस्थेला डॉक्टर आयझेनमेंगर म्हणतात. तिथे पोचलेल्या मुलाच्या आईबापांना ‘आता उशीर झाला’ असं सांगताना मी डॉक्टरांना ऐकलंय. उशीर म्हणजे किती, तर काही वेळा दोन-तीन वर्षांचाच. वेळेत इको झाला असता तर ते मूल आज शाळेत कबड्डी खेळलं असतं.

हा वेळेतला इको आपल्या जिल्ह्यात होत होता, म्हणून दुसरा बुधवार मोलाचा आहे.

पोरं तिथवर पोचतात कशी, तेही पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. त्याची पथकं गाडी घेऊन अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात आणि अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. पथकातले डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, ठोक्यात वेगळी खरखर ऐकू आली तर चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी घेऊन आशाताई नाहीतर अंगणवाडी सेविका आईला तयार करते, बहुतेक वेळा आधी सासूला तयार करते, आणि मंडळी दुसऱ्या बुधवारी जिल्ह्याला येतात. इको होतो, निदान होतं, रेशनकार्ड बघून आरोग्यमित्र महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज पुढे सरकवतो. या साखळीत इकोची कडी एकच आहे आणि तीच आज तुटलीय. पथकं अजून फिरतायत, चिठ्ठ्या अजून देतायत. त्या चिठ्ठ्या आता आयांच्या पिशवीत पडून आहेत.

ओपीडीच्या दिवसाचं चित्र ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तान्ह्या बाळाचा इको ते जागं असताना नीट होत नाही. हात-पाय झाडतं, रडतं, मग पडद्यावर काही कळत नाही. त्यामुळे लांबच्या गावाहून येणारी आई पहाटेच्या एसटीत बाळाला मुद्दाम झोपू देत नाही. डोळा लागला की गालाला ओला हात लावते, खिडकीतून गाई-म्हशी दाखवते, म्हणजे नंबर येईल तेव्हा ते गाढ झोपेल. व्हरांड्यात एकाच वेळी दहा-बारा आया आपापलं पेंगुळलेलं पोर जागं ठेवायच्या खटपटीत असतात आणि नंबर जवळ आला की त्याच आया त्यांना झोपवायच्या मागे लागतात. मोठी मुलं बापाच्या मोबाइलवर कार्टून बघत टेबलावर निजतात. गार जेल छातीला लागलं की आमची धाकटी दर वेळी ‘ईऽऽ’ करायची आणि डॉक्टर दर वेळी तिला ‘गेल्या वेळेपेक्षा गरम केलंय बघ’ अशी थाप मारायचे. खोलीत एक पंखा, पडदा लावून केलेला अंधार, आणि ठोक्याचा तो घपघप आवाज. त्या आवाजात निम्म्या व्हरांड्याचा जीव अडकलेला असतो.

यावर साहेब लोकांची तीन उत्तरं तयार आहेत.

पहिलं : ‘मोठ्यांच्या इकोचं मशीन आहे ना, त्यावर करा.’ मोठ्यांच्या छातीला 2 ते 4 मेगाहर्ट्‌झचा प्रोब चालतो. तान्ह्या बाळाला 8 ते 12 चा, बारीक तोंडाचा लागतो, नाहीतर बारीकसारीक काहीच उमटत नाही. आणि प्रोब असून भागत नाही. बाळाच्या हृदयात कोणती नळी कुठून निघून कुठे जातेय हे ओळखणं वेगळं शास्त्र आहे. मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञ हे स्वतःहून कबूल करतात आणि मुलांना पुढे पाठवतात.

दुसरं : ‘ऑनलाइन सल्ला घ्या.’ घेऊ की. पण छातीवर प्रोब धरायला इथे कुणीतरी शिकलेला माणूस लागेल ना? व्हिडिओ कॉलवर ठोका ऐकू येत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत जास्त ऐकायला मिळतं : ‘मुंबईला मोफत सोय आहे.’ आहे, आणि तिला मी नावं ठेवणार नाही. परळला केईएम आहे, वाडिया आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीत मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया एक पैसाही न घेता होतात. आमच्या पोरीची शस्त्रक्रिया मुंबईलाच झाली आणि योजनेतून झाली, खिशातून जवळपास काही गेलं नाही. गेलं ते दुसरंच. दुकान बंद, थोरला आजीपाशी, बायको आयसीयूच्या दारात आणि मी रात्री झोपायला जागा शोधत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, अशी ठिकाणं आहेत म्हणून गोरगरिबांचं निभतं, पण तिथेही नंबर लागावा लागतो. आयुष्यात एकदा हे सगळं करता येतं. सगळा गाव मदत करतो, भावकी पैसे काढते, मालक रजा देतो. दर सहा महिन्यांनी, पाच मिनिटांच्या इकोसाठी, देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून पोर घेऊन कोण जाणार आहे? दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारा बाप दोन-तीन तारखा पाळतो. मग पोर हसतंय-खेळतंय म्हणून चौथी सोडून देतो. मी त्याला दोष देणार नाही.

इथे सगळ्यांची एक समजूत आड येते, की शस्त्रक्रिया झाली म्हणजे विषय संपला. पेपरात फोटो येतो तो शस्त्रक्रियेचा. पुढाऱ्याचा सत्कार होतो तो शस्त्रक्रियेचा. पण टेट्रालॉजीच्या कित्येक मुलांत शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाच्या वाटेवरची झडप गळत राहते. माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो : फूटवॉल्व्ह गळकं असलं की मोटार पाणी फेकते, पण थांबली की पाणी परत विहिरीत. मोटार चालू दिसते, काम होत नाही आणि एक दिवस ती जळते. हृदयाचा उजवा कप्पा असाच वर्षानुवर्षं जास्तीचा राबून फुगत जातो. पोराला काही जाणवत नाही, आई-बापाला काही दिसत नाही. नवी झडप कधी बसवायची, हे ठरतं वर्षांमागून वर्षं जमवलेल्या मोजमापांवरून. ते मोजमाप घेणारी एक खोली आपल्याकडे होती.

हृदय उघडून शस्त्रक्रिया करायचं तंत्र नवीन होतं तेव्हाची एक हकिकत मला डॉक्टरांनी सांगितली होती. 1954 च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय नावाच्या सर्जनने एका बाळाच्या हृदयातलं छिद्र शिवलं. तेवढा वेळ बाळाच्या अंगात रक्त खेळवायला भरवशाचं यंत्र नव्हतं. तेव्हा शेजारच्या टेबलावर बाळाच्या बापाला झोपवलं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या आणि बापाच्या हृदयावर, बापाच्या फुप्फुसावर पोराला जगवलं. ते बाळ पुढे काही दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. पण दीड वर्षाच्या आत याच पद्धतीने 45 मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातली 28 जिवंत घरी गेली. आता यंत्रं आली, शस्त्रक्रियेच्या टेबलावर आई-बापाची गरज उरली नाही. टेबलावरून उतरल्यानंतरची वीस-तीस वर्षं मात्र अजून आमच्याच रक्तावर चालतात.

ती कशी चालतात, हे जरा घरात येऊन पाहा. औषधाच्या थेंबांचं माप ड्रॉपरवर नेलपॉलिशची रेघ मारून ठरवलेलं असतं, कारण आजीला बारीक आकडे दिसत नाहीत. दात किडू द्यायचा नाही, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसू शकतात. त्यामुळे घरात गोळ्या-चॉकलेटवरून जेवढी भांडणं होतात तेवढी पैशावरून होत नाहीत. फाइल पॉलिथिनच्या पिशवीत, पिशवी कपाटात, दागिन्यांच्या डब्याच्या वर. थोरल्याला ताप आला तर क्रोसिन, धाकटीला आला तर दवाखाना. थोरला बोलत नाही, पण त्याने एकदा आईला विचारलं होतं की मला पण काही झालंय का ते बघायला नेणार का. शाळेत पीटीचे सर तिला कवायतीला बसवून ठेवत. काही झालं तर अंगावर यायला नको, हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. शेवटी या ओपीडीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या : धावू द्या, दमली की थांबू द्या. त्या चार ओळींनी पोरीचं बालपण परत दिलं. मुंबईच्या गर्दीत एवढं विचारायची आमची छाती झाली नसती.

आणि आयांचं काय सांगू! मूल असं जन्मलं की पहिलं बोट आईकडे जातं. ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली, पपई खाल्ली. माझ्या बायकोनेही हे ऐकलं, आणि ऐकवणाऱ्यांत आमच्या घरचेही होते. हृदय घडतं ते गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत. कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. बहुतेकांच्या बाबतीत नेमकं एक कारण सापडत नाही. आईला आवाक्यात न ठेवलेला मधुमेह असला, सुरुवातीला रुबेला झाला, काही विशिष्ट औषधं पोटात गेली तर धोका वाढतो, हे खरं. ग्रहणाचा संबंध नाही. हे त्या व्हरांड्यात सिस्टर सासवांना समोर बसवून, आवाज चढवून सांगायच्या. आपण घरी सांगितलं तर बायकोची बाजू घेतली असं होतं. ओपीडीत सांगितलं की ते डॉक्टरांचं म्हणणं होतं.

मुली मोठ्या झाल्या की आणखी एक दडपण : छातीवरचा वण. स्थळ बघताना लपवायचा की सांगायचा? लपवला तर पुढे गरोदरपणात डॉक्टरांनाच माहीत नसतं की या बाईच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालीय, आणि ते जिवावर बेतू शकतं. असं मनातलं विचारायला जवळचा माणूस लागतो, दर महिन्याला तोच चेहरा दिसणारा.

आता ऊसतोडीच्या घरांबद्दल. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातले कोयते उचल घेऊन कारखान्यांवर निघतात, पोरंबाळं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर. ती परतायची मार्च-एप्रिलात. एवढ्या काळात त्यांची कुठली तारीख आणि कुठला फॉलोअप! सिस्टरांनी यावर साधा तोडगा काढला होता : नोंदवहीत अशा मुलांच्या नावापुढे ‘ऊ’ लिहायच्या आणि निघायच्या आधीच्या नाहीतर परतल्यानंतरच्या बुधवारी त्यांना फोन करून बोलवायच्या. कुठल्याही शासन निर्णयात हे नाही. ओपीडी बंद राहिली तर ती वहीही त्याच रेकॉर्डच्या गठ्ठ्यांत जाईल आणि ‘ऊ’ म्हणजे काय हे सांगायला कुणी नसेल.

ही ओपीडी वाचू शकते का? वाचू शकते. 2020 च्या जानेवारीत परळच्या वाडिया रुग्णालयावर निधीअभावी बंद पडायची पाळी आली होती. कर्मचारी आणि नातेवाईक रस्त्यावर आले, सगळ्या पक्षांना दखल घ्यावी लागली आणि अडकलेला निधी सुटला. तिथला प्रश्न कोट्यवधींचा होता. आपलं मागणं त्यापुढे किरकोळ आहे : मुलांचा प्रोब दुरुस्त करा किंवा नवा घ्या, तज्ज्ञांचं मानधन मंजूर करा, खोली रिकामी ठेवा. जमलं तर प्रसूती विभागात एक गोष्ट वाढवा. घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघायचा. काही मिनिटांचं काम, सुई नाही, रक्त नाही. प्राणवायू 95 टक्क्यांखाली राहिला किंवा हात-पायात तीन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजायचं, आणि 90 च्या खाली गेला तर लगेच पुढची तपासणी. कोविडनंतर ऑक्सिमीटर घरोघर पडून आहेत. बाळासाठी मात्र वेगळा, चिकटणारा सेन्सर लागतो.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. म्हणजे प्रोबचा खर्च कुणाच्या सहीने होऊ शकतो, हे उघड आहे. त्यांच्याकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे एकाच मजकुराचं निवेदन द्यायचंय. मजकूर तयार आहे, माझ्या दुकानात आणि पंचायत समितीसमोरच्या झेरॉक्स सेंटरवर ठेवलाय. सरपंचांना विनंती, येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावाची प्रत निवेदनाला जोडली की कागदाला वजन येतं. माहिती अधिकारात अर्ज आमच्यापैकी एका पालकाने टाकलाय : प्रोबचा प्रस्ताव कोणत्या तारखेला कुणाकडे गेला आणि सध्या कुणाच्या टेबलावर आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आशाताईंना एकच सांगणं, तुमच्याकडच्या न दाखवलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. नाव झाकून त्यांच्या झेरॉक्स द्या, साहेबांच्या टेबलावर तो गठ्ठा ठेवायचाय. ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांनीही सही करावी. आम्हालाही धाकटी व्हायच्या आधी यातलं काही माहीत नव्हतं.

येत्या दुसऱ्या बुधवारी सकाळी साडेदहाला आपण जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकापाशी जमतोय. घोषणा नाहीत, पुढाऱ्यांची भाषणं नाहीत. ज्याला बोलायचंय त्याने आपल्या पोराची फाइल घेऊन बोलावं. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स आणा. आधार आणि रेशनकार्डाचीही. लहान मुलांना आणू नका, ऊन फार आहे आणि उभं राहायला सावली नाही. दुपारच्या दोनच्या एसटीने लांबच्या गावांना परत जाता येईल, तोवर निवेदन देऊन पोच घेतलेली असेल. पोच घेतल्याशिवाय मात्र कुणी हलायचं नाही.